सूर्य विझला तर जोहरची वेळ कशी कळणार?

मागच्या रमजानच्या आठवडाभर आधी एका मुलीच्या अम्मीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही वर्गात सूर्याचं काय शिकवलंत? पोरगी चार दिवस नीट झोपत नाही. रात्री उठून बसते आणि म्हणते, अम्मी, सूर्य विझणार आहे."

मी मढला राहते, शाळाही याच भागातली. आठवीच्या विज्ञानात शेवटचा धडा 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा आहे. तो शिकवताना मी एवढंच म्हटलं होतं की सूर्यही एक तारा आहे आणि तोही कायमचा नाही. बाकीचं काम मोबाइलने केलं. मुलीने घरी जाऊन व्हिडिओ शोधला. त्यात लालभडक सूर्य, जळणारी पृथ्वी, मागे धडकी भरवणारं संगीत आणि शेवटी कयामतीच्या निशाण्यांची यादी. तेरा वर्षांचं लेकरू घाबरणार नाही तर काय!

दुसऱ्या दिवशी तिने वर्गातच हात वर केला. "मॅडम, सूर्यच नसला तर जोहरची वेळ कशी कळणार?" पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. आपल्या पाचही नमाजांच्या वेळा सूर्यावर बांधलेल्या आहेत. सूर्य माथ्यावरून कलला की जोहर, सावली लांबली की असर, सूर्य बुडाला की मगरिब. तो गेला तर माणसाचं काय, जनावरांचं काय, इबादतीचं काय, हे तिला एका दमात विचारायचं होतं.

अम्मीचं म्हणणं वेगळं होतं. असलं शिकवून पोरींचं ईमान आणि झोप दोन्ही जाणार असेल तर दहावीनंतर आर्ट्सलाच घालू, कशाला तो सायन्सचा ताप. मुलगी वर्गात पहिल्या तिनांत आहे, म्हणून मला ते जास्त लागलं. फोनवर दहा मिनिटांत जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते. अशा अम्मी-अब्बा इतरही घरांत असतील.

आधी दोन प्रश्न वेगळे करू

कयामत कधी येणार याचं इल्म फक्त अल्लाहला आहे, हे आपल्या घरातलं लहान मूलही जाणतं. म्हणून कुणी मोबाइलवर तारखेनिशी जगाचा शेवट सांगत असेल, तर ती दीनची गोष्ट नव्हे आणि विज्ञानाचीही नव्हे. २०१२ साली जग बुडणार होतं, आठवतंय ना? त्यानंतर 'नासाने जाहीर केलंय, सहा दिवस अंधार राहणार' हा मेसेज आला. तो अजूनही मधूनमधून फॅमिली ग्रुपवर येतोच. पाठवणारे चांगले शिकलेले असतात, ही आणखी गंमत.

विज्ञानाचा प्रश्न साधा आहे. आज चाललंय तसंच चालत राहिलं तर इंधन किती पुरेल? घरातला सिलिंडर हलवून आपण म्हणतो, अजून दहा-बारा दिवस जाईल. तसं म्हणताना आपण गैबचा दावा करत नाही, फक्त हिशेब करतो. उद्या पाहुणे आले तर हिशेब चुकतो, त्याला कुणाची हरकत नसते.

आणखी एक गोष्ट, माझं वैयक्तिक मत म्हणून घ्या. विज्ञानाचा प्रत्येक नवा सिद्धांत आयतीशी जुळवून दाखवण्याची जी हौस आपल्याकडे आहे, ती मला आवडत नाही. मी कॉलेजात असताना एक तकरीर ऐकली होती. विश्व आधी पसरेल आणि मग परत आकसून गोळा होईल, असा एक सिद्धांत तेव्हा चर्चेत होता. वक्त्यांनी तो आकाश गुंडाळलं जाण्याच्या आयतीशी जोडला आणि सगळे सुबहानल्लाह म्हणाले. प्रत्यक्षात १९९८ साली दूरच्या फुटणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणातून उलटंच दिसलं होतं. विश्वाचं पसरणं मंदावत नाही, ते वाढत्या वेगाने चाललंय. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. आता त्या तकरीरचं काय करायचं? विज्ञान आपली गणितं बदलत राहतं, ते त्याचं कामच आहे. आपल्या अकीद्याला त्या गणिताच्या खुंटीवर टांगण्याची गरज काय?

मढपासून मक्केपर्यंत

आता हिशेबाकडे. सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे. त्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं साधारण ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं. आपली तांदळाची खाचरं, धरणावरची मासळी, आपण स्वतः, सगळे त्या ऊर्जेवर जगतो. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं आहे, आणि अजून ५०० कोटी वर्षं पुरेल इतकं इंधन त्याच्याजवळ आहे.

हे आकडे मुलांच्या डोक्यात शिरत नाहीत. कोटी म्हटलं की त्यांना फक्त 'लई' एवढंच कळतं. म्हणून मी फळ्यावर पट्टी धरली आणि म्हटलं, एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर. मग माणसाचं आयुष्य सात-आठ सेंटिमीटर, बोटाएवढं. हिजरतीपासून आजपर्यंतचा काळ सुमारे १.४ मीटर, म्हणजे तुमच्या बाकाएवढा. माणूस शेती करायला लागला तो काळ वर्गाच्या भिंतीपर्यंत. आणि सूर्याची उरलेली ५०० कोटी वर्षं? ती होतात ५,००० किलोमीटर. मढहून निघून अरबी समुद्र ओलांडायचा, मक्का मागे टाकायचं, पार मिसरपर्यंत चालत राहायचं, तेव्हा कुठे ती पट्टी संपते. एका मुलाने विचारलं, "आणि मॅडम, आपण?" आपण त्या रस्त्यावर बोटभर. वर्गात कुजबुज थांबली, आणि ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती पहिल्यांदा जरा सैल बसली.

पण अर्धीच गोष्ट सांगून पोरांना फसवणं बरं नव्हे. सूर्य ५०० कोटी वर्षं टिकेल याचा अर्थ पृथ्वीवरची वस्ती तेवढी टिकेल असा होत नाही. सूर्य वय वाढेल तसा जास्त तापतो, दर १०० कोटी वर्षांत साधारण दहा टक्के. त्यामुळे सुमारे १०० कोटी वर्षांनी समुद्र आटायला लागतील असा अंदाज आहे. आपल्या पट्टीवर ते १,००० किलोमीटर, म्हणजे मढहून सरळ रेषेत जवळजवळ दिल्ली. त्याच्याही आधी झाडांची उपासमार सुरू होईल. ती अशी : हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून खडकाशी संयोग पावतो आणि खडकात अडकतो. हवा जितकी गरम, तितकी ही क्रिया जोरात. माळशेजच्या घाटातला आपला काळा खडक हे काम आजही करतोय, दर पावसाळ्यात. पुढे कधीतरी हवेत झाडांपुरताही कार्बन उरणार नाही. (आज मात्र उलटी चिंता आहे. आपण कोळसा आणि तेल जाळून तो इतक्या झपाट्याने वाढवतोय की खडकाला ते आवरत नाही.)

५०० कोटी वर्षांनंतर सूर्य फुगेल, लाल होईल, बुध आणि शुक्राला गिळेल. पृथ्वी वाचेल की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शेवटी उरेल तो पृथ्वीएवढा पांढरा, हळूहळू निवणारा गोळा.

म्हणजे सूर्य दिव्यासारखा फुंकर मारून विझणार नाही. व्हिडिओमधली ती गोष्ट साफ खोटी.

खोडदची जाळी

बरं, सूर्य गेला तरी दुसरे तारे आहेतच की. हा प्रश्न पुढच्या बाकावरून आला, आणि त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जावं लागत नाही. मढहून ओतूर, आळेफाटा, नारायणगाव करत दीड-दोन तासांत खोडद येतं. तिथली 'मोठी दुर्बीण' आपल्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे, ती काय करते हे फार थोड्यांना. पूर्ण नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या आसपास, बाकीच्या १६ तीन दिशांना, सगळा पसारा २५ किलोमीटरचा. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी १९९० च्या दशकात ती उभी केली.

पहिल्यांदा गेलेली मुलं हमखास म्हणतात, "अरे, ही तर नुसती जाळी आहे!" खरंच जाळी आहे. स्टीलच्या बारीक तारांची, ताणून बसवलेली. वारा आरपार जातो, म्हणून तबकडी हलकी आणि स्वस्त होते. रेडिओ लहरी मात्र जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असतात, त्यांना ती जाळी सपाट भिंतीसारखीच वाटते. आपल्याकडच्या साध्या पोलादात आणि कमी पैशांत जगातली एवढी मोठी दुर्बीण उभी करायची, हे डोकं गोविंद स्वरूप यांचं. ते २०२० मध्ये वारले.

ही दुर्बीण हायड्रोजन ऐकते. विश्वातला मोकळा हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. लांबून येता येता विश्वाच्या पसरण्यामुळे त्या आणखी ताणल्या जातात. तारे याच वायूतून जन्मतात. म्हणून कुठे किती हायड्रोजन आहे हे कळलं, की विश्वाच्या कोठारात किती सरपण आहे ते कळतं.

२०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधुरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूचे त्यांचे सहकारी यांनी जीएमआरटीवर एक काम केलं. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या आकाशगंगांमधला हायड्रोजन मोजायचा होता. एकेका आकाशगंगेचा संकेत इतका क्षीण की ऐकूच येत नाही. मग त्यांनी ७,६५३ आकाशगंगांचे संकेत एकावर एक रचले. एका पोराची कुजबुज व्हरांड्यातही पोचत नाही, पण सगळ्या शाळेने एकदम पाढे म्हटले तर रस्त्यापर्यंत जातात, तसं.

उत्तर काय आलं? त्या काळात तारे इतक्या वेगाने बनत होते की आकाशगंगांजवळचा हायड्रोजन १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून तारे बनण्याचा वेग पडला. पिंपळगाव जोगे धरणाच्या काठावर राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात तुडुंब, नंतर आवक बंद आणि उपसा चालू, की मे महिन्यात तळाची भेगाळलेली जमीन दिसते. तारे सगळ्यात जास्त बनण्याचा काळ साधारण १,००० कोटी वर्षांपूर्वीचा. आज वेग त्याच्या सुमारे एक दशांश आहे. त्या भराच्या काळाला खगोलशास्त्रज्ञ चक्क 'विश्वाची दुपार' म्हणतात. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "म्हणजे जोहर होऊन गेली." एका अर्थाने हो. नवे तारे अजून बनतायत, पण ऊन कललंय.

या दुर्बिणीमुळे आपल्या भागात उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्गही जीएमआरटीला अडथळा होईल म्हणून नको, असं २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. टोमॅटो आणि कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा राग मला कळतो. रेल्वे आली असती तर माल लवकर गेला असता. हा वाद एका लेखात मिटणारा नाही. पण ज्या दुर्बिणीसाठी आपण किंमत मोजतोय, तिने काय शोधलं हे तरी आपल्या मुलांना माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

सूर्याहून खूप लहान, मंद लाल तारे मात्र सरपण फार जपून जाळतात. आपल्या सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी प्रॉक्सिमा हा असाच, अंतर ४.२ प्रकाशवर्षं. हे तारे काही लाख कोटी वर्षं जळतील. विश्वाचं वयच आज सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, तेव्हा त्यांच्यातला एकही अजून म्हातारा होऊन मेलेला नाही. शेवटचे तारे विझायला एकावर चौदा शून्यं इतकी वर्षं लागतील असा अंदाज आहे.

चितगावच्या माणसाने विचारलेला सवाल

त्या अंधारानंतर काय, हा प्रश्न गणिताच्या भाषेत पहिल्यांदा गांभीर्याने विचारणाऱ्यांत एक नाव आपल्या मुलांना माहीत नसतं, आणि मला त्याची खंत वाटते. जमाल नजरुल इस्लाम. जन्म १९३९, आजच्या बांगलादेशातल्या झिनाइदहचा. शिक्षण कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये, मग केंब्रिजला, तिथेच १९६४ मध्ये पीएचडी. त्याच वर्षांत केंब्रिजला कोल्हापूरचा एक तरुण होता, जयंत नारळीकर. दोघांची मैत्री झाली. पुढे केंब्रिजच्या खगोलशास्त्र संस्थेत दोघांनी एकाच काळात काम केलं.

१९७७ मध्ये इस्लाम यांनी एक शोधनिबंध लिहिला, विश्वाचा अंतिम शेवट कसा असू शकेल यावर. तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष विश्वाच्या सुरुवातीकडे होतं, शेवटाकडे फारसं कुणी बघत नव्हतं. इस्लाम यांनी पायरीपायरीने मांडलं. तारे विझतील, आकाशगंगांमधले मेलेले तारे एकतर बाहेर फेकले जातील किंवा मधल्या कृष्णविवरात पडतील, आणि शेवटी कृष्णविवरंही झिजून जातील. सूर्याएवढ्या कृष्णविवराला झिजायला एकावर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतात. १९८३ मध्ये या विषयावरचं त्यांचं सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक केंब्रिज विद्यापीठाने छापलं. त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली. मराठीत किंवा उर्दूत ते माझ्या हाती कधी लागलं नाही.

या निबंधाचा कच्चा मसुदा अमेरिकेतले मोठे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी वाचला. दूरच्या भविष्याचा गांभीर्याने विचार करायला आपण त्या मसुद्यामुळे लागलो, असं त्यांनी स्वतः नमूद केलंय. डायसन यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि विचारलं, अशा थंड, काळोख्या विश्वात जीव टिकेल का? १९७९ च्या निबंधात त्यांचं उत्तर होतं, टिकू शकेल, जर तो काटकसरीने जगला तर. विश्व जसं थंड होत जाईल तसं जीवानेही थंड आणि सावकाश व्हायचं. विचार हळू करायचा, मध्ये लांबलांब झोपा काढायच्या. रोज्यात असरनंतर आपण कसे कमी बोलतो, सावकाश चालतो, शक्ती राखून मगरिबपर्यंत पोचतो, त्याच हिशेबाने. डायसन यांच्या गणितात तर सगळ्या मानवजातीएवढ्या गुंतागुंतीच्या समाजाला कायम जगायला लागणारी ऊर्जा, सूर्य आज आठ तासांत जेवढी उधळतो जवळपास तेवढीच निघाली!

पण १९९८ च्या शोधाने या आशेला धक्का बसला. विश्व वाढत्या वेगाने पसरत असेल तर थंड होण्यालाही एक तळ लागतो, त्याखाली तापमान जात नाही, आणि मग सावकाश होत जाण्याची युक्ती कायमची चालत नाही. शिवाय १०,००० ते १५,००० कोटी वर्षांनी आपल्या शेजारच्या मोजक्या आकाशगंगा सोडल्या तर बाकी सगळ्या नजरेआड गेलेल्या असतील. तेव्हा कुणी खोडदसारखी जाळी उभारली तरी तिला दूरचं काहीच ऐकू येणार नाही. आज दिसतंय ते त्यांना शोधूनही सापडणार नाही. आता २०२४ आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या आकाशगंगा-मोजणीतून असे इशारे मिळालेत की पसरण्याला वेग देणारी ती अज्ञात ऊर्जा कदाचित काळानुसार क्षीण होतेय. हे पक्कं झालेलं नाही. पक्कं झालं तर शेवटाचं गणित परत मांडावं लागेल. म्हणूनच वर म्हटलं, आयतींना सिद्धांताशी बांधू नका.

नारळीकर तर विश्वाला सुरुवात होती हेच मानायला आयुष्यभर तयार नव्हते. पुण्यात आयुका ही संस्था त्यांनी उभी केली आणि मराठी मुलांना विज्ञानकथा दिल्या. २० मे २०२५ रोजी ते गेले. इस्लाम १९८४ मध्ये ब्रिटनमधली नोकरी सोडून चितगाव विद्यापीठात परतले, तिथे गणित आणि भौतिकशास्त्राचं संशोधन केंद्र उभं केलं, बंगालीतून लिहिलं. २०१३ मध्ये चितगावातच त्यांचं निधन झालं. विश्वाच्या शेवटाचं गणित मांडत बसलेल्या या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध मुलांना शिकवण्यात घालवला. रोप लावण्याची हदीस लहानपणी मदरशात ऐकली होती, ती मला इस्लाम यांच्याबद्दल वाचताना आठवली.

आणि बोरीची राख

कोटी-कोटींच्या गप्पांत जवळचं विसरायला नको. आळेफाट्याजवळ बोरी गावात कुकडीच्या काठी मातीच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. ती आपल्या सह्याद्रीची नाही, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, समुद्रापलीकडून हजारो किलोमीटर उडत आलेली. तोबाचे अनेक स्फोट झाले. सगळ्यात मोठा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच स्फोटाची की आणखी जुन्या, यावर संशोधक अजून भांडतायत. राखेच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळालीत. म्हणजे या नदीकाठी तेव्हाही कुणीतरी राहत होतं, आणि कधीतरी आकाशातून राख पडताना त्यांनी पाहिली असेल. आपल्या पट्टीवर ७४,००० वर्षं म्हणजे फक्त ७४ मीटर, शाळेच्या फाटकापर्यंत. सूर्याची भीती बाळगायची तर या असल्या गोष्टींची आधी बाळगावी, आणि आपल्याच हाताने तापणाऱ्या हवेची त्याहून आधी.

राहिला तिचा मूळ सवाल, जोहरचा. त्याची तयारी थोडीफार झालेली आहे. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन रमजानमध्ये, मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर अंतराळ स्थानकावर गेले. तिथे दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो. मग पाच नमाजा की ऐंशी? मलेशियाच्या उलेमांनी शास्त्रज्ञांसोबत बसून पुस्तिका तयार केली. चोवीस तासांत पाचच, आणि वेळ धरायची ती यान जिथून उडालं त्या ठिकाणची. किब्ला होईल तितका पृथ्वीकडे. उत्तर नॉर्वेत उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथले मुसलमानही अंदाजानेच वेळा धरतात. मुलीने हे ऐकलं आणि लगेच पुढचं विचारलं, "आणि प्रॉक्सिमाजवळ राहायला गेलो तर कुठली वेळ, मढची?" मी म्हटलं, तू शोध आणि मला सांग.

तिच्या अम्मीला मी घरी बोलावलं होतं. थंडीच्या दिवसांत मढचं आकाश अजून बऱ्यापैकी काळं असतं, पण तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, म्हणून मगरिबनंतर लगेच गच्चीवर गेलो. पश्चिमेला खाली देवयानीचा धूसर ठिपका जेमतेम दिसला. ती आपल्या शेजारची मोठी आकाशगंगा, अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. इराणचे अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ.स. ९६४ मध्ये आपल्या ताऱ्यांच्या किताबात तिची नोंद 'लहानसा ढग' म्हणून केली. ती आपल्या आकाशगंगेवर आदळणार असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. २०२५ च्या नव्या हिशेबात मात्र येत्या १,००० कोटी वर्षांत तशी शक्यता निम्मीच निघाली. अम्मी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यांनाही पक्कं माहीत नाही." मी हो म्हटलं. त्यांना त्याने बरं वाटलं, मलाही.

दहावीनंतरचं अजून ठरलेलं नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, गावोगावच्या शाळा आपले प्रयोग मांडतात, गर्दी भरपूर असते. यंदा आमच्या शाळेची गाडी जाणार आहे आणि त्या अम्मीही सोबत येतायत. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघा, आणि आत गेल्यावर मोबाइल बंद ठेवा. त्या जाळीला दूरच्या हायड्रोजनपेक्षा तुमचा मोबाइल फार मोठ्याने ऐकू येतो.